घड्याळ कधीपासून लावायचं?

श्रोतेहो, नमस्कार. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा विषय निघाला की दोन मागण्या हमखास होतात. दंड वाढवा, आणि दारूची मर्यादा शून्यावर आणा. ऐकायला दोन्ही कडक. पण आपली मर्यादा आजच १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडात कित्येक वर्षं ८० चालत आली. दंडही २०१९ च्या दुरुस्तीत दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला.

स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा ८० वरून ५० वर आणली. ग्लासगोच्या संशोधकांनी पुढची दोन वर्षं तपासली, तर अपघात काही कमी झालेले दिसेनात. मर्यादा खाली आली, पण रस्त्यावर अडवणारं कोणी वाढलं नव्हतं. याउलट ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून संशय असो-नसो, कुणालाही थांबवून यंत्रात फुंकायला लावलं, आणि मृत्यू झपाट्याने घटले. आपली मोठी नाकाबंदी थर्टी फर्स्टला, होळीला, फार तर गटारीला. पिणाऱ्यांनाही त्या तारखा पाठ असतात!

मला मात्र जास्त डाचतो तो वेळेचा प्रश्न. रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. अपघाताच्या वेळी ६० असलेला माणूस दोन तासांत ३० वर येतो, चार तासांत जवळपास कोरा. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालकाचं रक्त घेतलं सकाळी अकराच्या आसपास. पुढे तो नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, ते प्रकरण वेगळं. पण बदलला नसता तरी त्या रक्तात उरलं काय असतं?

कायद्यात दोन तासांची अट आहे, पण ती अटकेपासून मोजायची. वैद्यकीय तपासणी तेवढ्यात झाली नाही, तर सोडायचं कुणाला? अटक केलेल्यालाच!

तेव्हा नवी दुरुस्ती करायचीच असेल, तर माझी मागणी साधी आहे. अपघातात माणूस गेला किंवा जबर जखमी झाला, तर घड्याळ अपघातापासून लावा. जागेवरच फुंकर घ्या, रक्ताचे दोन नमुने घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि उशीर झाला तर कुणामुळे झाला ते अधिकाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं. दंडाचा आकडा त्यानंतर ठरवू.