दोन गाउन, दोन टेक

[खुंटीला टांगलेला पांढरा गाउन. कॅमेरा सावकाश खाली येतो.]

हा गाउन नीट पाहून ठेवा. याच्या जोडीला आणखी एकच आहे. म्हणजे नवरीच्या खुनाचे टेक दोन. तिसरा नाही.

भर लग्नात शिरून नवऱ्या मारणारा खुनी आणि दर वेळी होणारी त्याची फजिती, एवढाच हा सिनेमा. पैसे बेताचे. मुखवटासुद्धा तयार आणलेला, वरून नवरीची जाळीदार ओढणी शिवलीय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘हॅलोविन’मधला (१९७८) मुखवटा दुकानातून आणलेला, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा होता, त्याला पांढरा रंग फासला होता.

नवरीनं पांढरं नेसायची चाल राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधल्या लग्नानंतर पसरली. भयपटवाल्यांच्या ती चांगलीच पथ्यावर पडली.

[पातेलं. ढवळणारा हात.]

हे कॉर्न सिरप. त्यात खाण्याचा लाल रंग. नुसता लाल घातला तर पांढऱ्या कापडावर डागाच्या कडा गुलाबी पडतात. खून कमी आणि सरबत सांडल्यासारखं जास्त वाटतं. म्हणून निळ्याचा एक थेंब. एकच. मग थोडी कोको पावडर, की आरपार दिसणं थांबतं. ‘सायको’ (१९६०) कृष्णधवल होता, तिथं चॉकलेट सिरपवर भागलं. इथं तशी सोय नाही.

[गाउनची उलटी बाजू. अस्तराला टाचलेली नळी.]

नळीचं दुसरं टोक फ्रेमबाहेर, सिरिंज धरून पालथ्या पडलेल्या माणसाकडे. भयपटात तो सुरी टेकताक्षणी दट्ट्या दाबतो. विनोदात थांबतो. सुरी लागते, काहीच होत नाही. खुनी सुरीकडे बघतो. नवरी खुन्याकडे बघते. आणि मग कारंजं. हे रक्त नंतर संगणकावरही काढता येतं, हो. पण ते नटाच्या डोळ्यात जात नाही, आणि या दोघांचे असे चेहरेही मग मिळत नाहीत.

[तक्त्यावर फोटोंची रांग.]

चित्रीकरणाचा क्रमही गाउनच ठरवतो. स्वच्छ कपड्यातले सगळे प्रसंग आधी, कथेत ते कुठेही असोत. प्रत्येक डागाचा फोटो, म्हणजे पुढच्या शॉटला तो जागचा हलणार नाही.

अंगाला लागलेला लाल रंग सहजी निघत नाही, आणि ते चिकट कापड घालून नवरीला तासन् तास बसावं लागतं.

[कारंजं. शांतता. सिरिंजवाला मान वर करतो.]

नळी उलट्या बाजूला वळली होती. खुनी भिजला, नवरी कोरडी.

हा टेक ठेवलाय.