शेडमधलं औषध आयसीयूपर्यंत कसं पोचतं

नमस्कार मंडळी, गटारीला आपल्या ठाण्यात चिकनच्या दुकानाबाहेर केवढी लाईन लागते माहितीये ना, आणि शहापूर-मुरबाडकडे गेलात की आतल्या रस्त्यांना त्या कोंबड्यांच्या लांबलचक शेड पण दिसतात. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला, आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हा सगळीकडे तीच बातमी होती. मला मात्र जास्त भीती वाटते ती गुपचूप चालणाऱ्या गोष्टीची, अँटिबायोटिकची.

शेडमध्ये जरा आत येऊन बघा. खाली भाताचं तूस, त्यावर पाच-पाच हजार पक्षी, पाण्याच्या निपलखाली तूस ओलं होऊन कुजतं आणि अमोनिया असा उठतो की डोळे चुरचुरतात, पक्ष्यांची फुप्फुसं पण त्यानेच बिघडतात. आता त्यातले दहा आजारी पडले तर एकेकाला पकडून कोण औषध पाजणार? ते थेट पाण्याच्या टाकीत जातं, मग धडधाकट पक्षी पण तेच पितात. शिवाय वजन लवकर भरावं म्हणून वर्षानुवर्षं खाद्यातच थोडं थोडं मिसळलं गेलं. हा थोडा डोस फार वाईट, कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात.

कॉलिस्टिन या अँटिबायोटिकचंच घ्या. आयसीयूत बाकी काहीच लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर हे काढतात, आणि तेच कोंबड्यांना चारलं जात होतं! २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांमधल्या जंतूंत असा जीन सापडला की तो असलेले जंतू कॉलिस्टिनला दाद देत नाहीत, तो एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत सहज जातो. आपल्याकडे २०१९ मध्ये जनावरांसाठी कॉलिस्टिनवर बंदी आली.

आम्ही शाकाहारी, आमचा काय संबंध, असं म्हणू नका. औषधाचा बराच भाग विष्ठेतून बाहेर पडतो, ते विष्ठा मिसळलेलं तूस नीट न कुजवता शेतात टाकलं की चिवट जंतू मातीत, पावसात ओढ्यात.

शेतकऱ्याला शिव्या घालू नका हं. कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर कोंबड्या पाळल्या की पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं, त्याची फक्त शेड, लाईटबिल आणि राबणं. कुठलं औषध किती दिवस दिलं हे कंपनीनेच प्रत्येक बॅचबरोबर दुकानापर्यंत लेखी द्यायला हवं, आणि ते आपण गिऱ्हाइकांनी मागायला हवं.

आणि घरी चिकन नळाखाली धुऊ नका, जंतूंसकट शिंतोडे सिंकभर उडतात, शेजारी कोथिंबीर ठेवलेली असते.