मानवशास्त्र शिकताय? नात्यांचा तक्ता असा काढा

नमस्कार! मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फील्डवर्कमध्ये सगळ्यात आधी लागतो तो नात्यांचा तक्ता. सरावाला सोलापूर उत्तम, कारण इथे मराठी, कन्नड आणि तेलुगू घरं शेजारी शेजारी आहेत आणि नाती मोजायची रीत घराघरात बदलते.

आधी चिन्हं. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री. लग्नासाठी बरोबरचं चिन्ह. भावंडं एका आडव्या रेघेखाली, मुलं त्यांच्या आईवडिलांच्या खाली. वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. ज्याच्यापासून नाती मोजायची तो 'ईगो'. त्याचं चिन्ह भरून काळं करा. मोठा कागद आडवा धरा, ईगो मधोमध, वर दोन पिढ्या, खाली दोन. आणि पेन्सिलच वापरा, कारण एखादी मावशी हमखास शेवटी आठवते.

आता प्रश्न. "तुम्हाला काका किती?" असं विचारलंत की घोळ झालाच. वडिलांचा भाऊ काका, मावशीचा नवरा काका, शेजारचेही काका. यावरचा उपाय इंग्रज मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या (ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांमधल्या) मोहिमेत वापरला: आई, वडील, मूल, नवरा, बायको अशा मोजक्या शब्दांतच विचारायचं. "तुमच्या वडिलांच्या आईला मुलं किती झाली? थोरलं कोण? त्याचं लग्न कोणाशी झालं?" असं एकेक पाऊल.

इथे दोन गळती होतात. लहानपणी दगावलेली मुलं कोणी आपणहून सांगत नाही, आणि सासरी गेलेल्या मुली राहून जातात. म्हणून प्रत्येक जोडप्यापाशी थांबून "आणखी कोणी?" विचारा. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आग्रह धरू नका, नातवाला विचारा.

वंशावळ पुरी झाली की दुसरी फेरी. प्रत्येक चिन्हाखाली ईगो त्या माणसाला काय म्हणतो ते लिहा. हाक वेगळी, ओळख वेगळी: हाक मारताना 'आई', ओळख करून देताना 'सासूबाई'. दोन्ही हवं.

गंमत पुढेच आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू विणकर कुटुंबाचा तक्ता मराठी तक्त्याशेजारी ठेवा. तेलुगूत आत्या, मामी आणि सासू या तिघींना 'अत्ता' म्हणतात; आईचा भाऊ आणि सासरा दोघेही 'मामा'. मावशी मात्र आईपेक्षा मोठी असेल तर 'पेद्दम्मा', धाकटी असेल तर 'चिन्नम्मा', म्हणजे ती आईच्याच रांगेत. तिची मुलं भावंडं, त्यांच्याशी लग्न नाही. आत्याच्या किंवा मामाच्या मुलांशी चालतं, आणि बऱ्याच घरांत सख्ख्या मामाशीही. मराठीत मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ सगळ्यांना 'भाऊ' जोडतो. तरी अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, भाची मात्र नाही. उत्तर आणि दक्षिणेच्या रीती महाराष्ट्रात कशा एकत्र येतात, हे डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी सविस्तर मांडलं. आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी १८७१ मध्येच दाखवलं होतं की तमिळ-तेलुगूसारखीच नात्यांची मांडणी न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका या मूळ अमेरिकन लोकांतही सापडते. गल्लीतला तक्ता असा जगाशी जोडला जातो!

एक खबरदारी: 'चालतं' आणि 'झालं' या नोंदी वेगळ्या ठेवा. लोक रीत सांगतात, पण तक्त्यात तशी लग्नं मोजकीच निघू शकतात. हा फरकच तुमच्या प्रोजेक्टचा गाभा.

सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्तीही आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि अशा जमातींतली माणसं इथे तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेतली. त्यांच्यावरचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. त्यामुळे वही घेऊन कोणी नावं विचारायला आलं की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवत असेल, याचा विचार करून जा. आधी ओळखीच्या माणसाला सोबत घ्या, काम कशासाठी ते मराठीत सरळ सांगा, आणि 'नको' म्हटलं तर वही मिटा.

त्याच रात्री कच्चा तक्ता शाईने उतरवा. नावांऐवजी क्रमांक घाला, नावांची यादी वेगळ्या वहीत ठेवा. दुसऱ्या भेटीत तक्ता घरातल्यांसमोर वाचून दाखवा. चुकलेलं नातं आजीच दुरुस्त करतील, आणि विसरलेली दोन नावंही त्याच वेळी मिळतील.