माशांसाठी सोडलेला क्रेफिश

नमस्कार मंडळी, आज तुम्हाला जरा लांब नेतोय, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये. तिथे क्रेटर लेक म्हणून सरोवर आहे. साधारण ७,७०० वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, पोट रिकामं झालं तसा डोंगराचा माथाच आत कोसळला आणि मग शेकडो वर्षं पावसाचं नि बर्फाचं पाणी त्या खड्ड्यात साठत राहिलं. खोली ५९४ मीटर! आपला दूधसागर ३१० मीटर धरा, दोन दूधसागर एकावर एक ठेवले तर वरचं टोक तेवढं बाहेर दिसेल.

नदी आत येत नाही, बाहेर जात नाही, त्यामुळे गाळ नाही, पाणी गडद निळं. आणि मासेसुद्धा नव्हते. होता तो माझामा न्यूट, बेडकासारखाच उभयचर पण शेपटीवाला, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्या बाकी भाऊबंदांच्या कातडीत जबरदस्त विष असतं, याच्यात मात्र फारच कमी, कारण बहुधा इथे त्याला खाणारं असं कोणी नव्हतंच.

मग १८८८ मध्ये विल्यम स्टीलने तिथे मासे सोडले. वाईट याचं वाटतं की सरोवरावर खरा जीव असलेला माणूस हा, त्याच्याच खटपटीने १९०२ मध्ये तिथे नॅशनल पार्क झालं. पुढे १९१५ मध्ये माशांना खायला म्हणून क्रेफिश सोडले, म्हणजे सुंगटांच्या जातकुळीतलेच पण पुढे दणकट नांग्या. मासे सोडणं १९४१ मध्ये थांबलं. क्रेफिश मात्र पसरतच गेले, आज जवळजवळ सगळा किनारा त्यांनी व्यापलाय, ते न्यूटना खातात, हुसकावतात, आणि शेवाळ खाऊन पाणी साफ ठेवणारे बारीक किडेही फस्त करतात, म्हणून काठाला शेवाळ वाढतंय. न्यूट आता अगदी थोडे उरलेत. मासे तुम्ही गळाने हवे तेवढे पकडा, लायसन्स लागत नाही, पार्कच सांगतं पकडा म्हणून, पण दगडांच्या फटीत बसलेले क्रेफिश कोण आणि कसे काढणार?

हे सगळं पणजीत बसून का सांगतोय, तर आपल्याकडेही घरातला अ‍ॅक्वेरियम नकोसा झाला की मासे, छोटी कासवं गावच्या तळीत नेऊन सोडतात, जीव वाचवला म्हणून समाधानही वाटतं. कृपा करून तसं करू नका. दुकानदाराला विचारा परत घेतो का, नाहीतर पाळणाऱ्या कोणाला तरी द्या, आणि शेजारी कोणी बादली घेऊन तळीकडे निघालेला दिसला तर त्यालाही थांबवा.