चार शिकारी कुत्री आणि एक आडनाव

[दृश्य: ढगाळ सकाळ. उताराचं हिरवं माळ, जुनं दगडी घर, मागे चर्चचा मनोरा.]

हे वॉशिंग्टन. व्हाइट हाऊस इथे नाही. हे अटलांटिकच्या अलीकडचं, ईशान्य इंग्लंडमधलं वॉशिंग्टन आहे, संडरलंड शहराला खेटून. गेल्या पिढ्यांनी इथे कोळशाच्या खाणींत हाडं झिजवली. आज हाकेच्या अंतरावर निसानचा मोटारींचा कारखाना आहे. एका देशाची राजधानी, त्याच देशातलं एक राज्य, तीसेक जिल्हे आणि लाखांवर माणसं, इतक्या जणांना नाव पुरवून हे गाव स्वतः मात्र मागेच राहिलं.

गावाच्या नावात धुण्याचा, म्हणजे वॉशिंगचा, काही संबंध नाही. सॅक्सन काळात ह्वासा नावाचा कुणी माणूस होता. 'इंग' म्हणजे त्याची माणसं, त्याचा गोतावळा. 'तून' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. आजचा टाउन शब्द यातूनच आला. ह्वासाच्या माणसांची वाडी, एवढाच अर्थ. आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांची नावं अशीच पडली आहेत.

[दृश्य: जुन्या चामडी बांधणीची वही, लॅटिन अक्षरं.]

साल ११८३. डरहॅमच्या बिशपने आपल्या ताब्यातल्या जमिनींची मोजदाद करून घेतली. कुणाकडे कुठलं गाव, खंड किती, चाकरी काय. या दप्तराला बोल्डन बुक म्हणतात. त्यात एक नोंद आहे. विल्यम दे हर्टबर्न याच्याकडे वॉशिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. बदल्यात त्याने आपलं हर्टबर्न गाव सोडून दिलं आहे. तो चार पौंड भरतो आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्री घेऊन जातो.

गावाची अदलाबदल झाली आणि माणसाचं नावही बदललं. विल्यम दे हर्टबर्नचा विल्यम दे वेसिंग्टन झाला.

मराठी कानाला हे जरा उलटं वाटेल. वाईत राहणाऱ्याला वाईकर म्हणायची गरज नसते, तिथे सगळेच वाईचे. वाई सुटली, माणूस पुण्याला आला, की तो वाईकर होतो. विल्यमचं तसं नव्हतं. त्याच्या 'दे'मध्ये, म्हणजे 'चा'मध्ये, नुसता पत्ता नव्हता, वतन होतं. वतन बदललं की नाव बदललं. बाराव्या शतकात इंग्लंडमध्येही आडनाव इतकं सैल होतं. ते बापाकडून मुलाकडे जाणारं, घट्ट चिकटलेलं झालं ते पुढच्या दोन-तीनशे वर्षांत.

तो सौदा फिसकटला असता तर? अमेरिकेच्या राजधानीचं नाव आज हर्टबर्न असतं. इंग्रजी कानाला यात छातीतली जळजळ ऐकू येते. राजधानीला आम्लपित्ताचं नाव, आणि तिथल्या राजकारणाला ते शोभलंही असतं.

[दृश्य: लँकेशरमधल्या वॉर्टन गावचं चर्च. मग नॉर्दम्प्टनशरमधलं सल्ग्रेव्ह मॅनर.]

पुढची तीनेकशे वर्षं भरभर जातात. 'दे' गळून पडला. घराण्याची एक शाखा लँकेशरमध्ये वॉर्टनला गेली. तिथल्या चर्चमध्ये या घराण्याची ढाल कोरलेला दगड आहे: दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे आणि पट्टे इथूनच गेले, असं गाइड मंडळी रंगवून सांगतात. त्याला पुरावा नाही. राजधानीच्या शहराचा झेंडा मात्र खरोखर या ढालीवरून घेतलेला आहे, १९३८ साली.

याच शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात शिरला आणि १५३२ साली नॉर्दम्प्टनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ साली लॉरेन्सने सल्ग्रेव्हची जमीन उचलली. त्याच्या वंशातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्समध्ये धर्मगुरू होता. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या युद्धात तो राजाच्या बाजूचा. दारूच्या गुत्त्यात पडून असतो असा ठपका ठेवून १६४३ साली त्याला चर्चमधून काढून टाकलं. तो खरंच पीत होता की राजाचा माणूस असणं हाच खरा गुन्हा होता, हे ज्याचं त्याने ठरवावं.

घरची अशी वाताहत झाल्यावर त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर चढला आणि व्हर्जिनियाला पोचला. परतताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. जॉन तिथेच राहिला. या जॉनचा पणतू जॉर्ज, जन्म १७३२.

[दृश्य: माउंट व्हर्नन, जॉर्जचं घर आणि मळा. टेबलावर टाक, पत्र.]

जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा लंडनमधल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला त्याच्या कुळाबद्दल कुतूहल वाटलं. सर आयझॅक हर्ड याचं काम घराण्यांच्या वंशावळी आणि ढाली यांची नोंद ठेवणं. आपल्याकडच्या हेळव्यांसारखं म्हणा, फक्त दरबारी थाटाचं. त्याने जॉर्जला पत्र लिहून वंशावळ विचारली. १७९२ साली उत्तर आलं. या विषयाकडे मी फारच थोडं लक्ष दिलं आहे, असं जॉर्जने मोकळेपणाने लिहिलं. आमचा मूळपुरुष इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा परगण्यातून आला असं वडीलधारी सांगत; लँकेशर, यॉर्कशर की आणखी वरचा, ते आता नीटसं आठवत नाही. नव्या राजधानीला त्याचं नाव देऊन तोवर काही महिने झाले होते.

जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं. तरीही हे आडनाव अमेरिकेत दुर्मिळ राहिलं नाही. २००० सालच्या जनगणनेत ते १,६३,०३६ लोकांनी लावलं होतं. आणि त्यांतले दर दहांतले नऊ कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतल्या नेहमीच्या आडनावांत हे प्रमाण सर्वांत जास्त.

पटकन वाटतं, हे सगळे जॉर्जच्या गुलामांचे वंशज असणार. गुलाम त्याच्याकडे होतेच. अकराव्या वर्षी वडील वारले तेव्हा वारसाहक्काने त्याला दहा माणसं मिळाली. १७९९ साली तो वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या मालकीचे, आणि त्यांना मुक्त करावं असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. पण हिशेब घातला तर एवढ्या माणसांतून पुढचे लाखभर होत नाहीत. गोष्ट वेगळी आहे. अनेक गुलाम आपसांत आडनावं लावत. मालकाच्या वहीत मात्र नुसतं पहिलं नाव, वय आणि किंमत. स्वातंत्र्य मिळाल्यावर कुणी लपवलेलं आडनाव उघड केलं, कुणी नवं निवडलं.

माउंट व्हर्ननवरच्या एका माणसाने तर फार आधीच नाव काढून नेलं. हॅरी.

[दृश्य: न्यूयॉर्क बंदर, जहाजं. जाडजूड नोंदवही.]

हॅरी आफ्रिकेत जन्मला, १७६३ साली जॉर्ज वॉशिंग्टनने त्याला विकत घेतलं. दलदल उपसायच्या कामावर लावलं. मग स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडे येतील ते मुक्त, अशी ब्रिटिशांची हाक आली. मालक स्वातंत्र्यासाठी लढत होता. हॅरीही स्वातंत्र्यासाठीच पळाला, फक्त पलीकडच्या छावणीत. १७८३ साली ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडलं तेव्हा सोबत नेलेल्या काळ्या माणसांची एक यादी केली. तिचं नाव बुक ऑफ निग्रोज. तिच्यात त्याची नोंद आहे: हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, धट्टाकट्टा माणूस, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी सोडून आला.

मालक मागे राहिला, आडनाव बरोबर आलं. हॅरी आधी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेला. तिथली जमीन खडकाळ, थंडी जीवघेणी. १७९२ साली तो आफ्रिकेत सिएरा लिओनला पोचला. तिथे वसाहत चालवणाऱ्या कंपनीने जमिनीवर खंड लावला. १८०० साली वसाहतीतले लोक उठले, आणि त्यांत हॅरी होता. करावरून लंडनच्या सत्तेशी भांडणारा हा दुसरा वॉशिंग्टन. पहिल्याचा चेहरा नोटेवर आला, दुसऱ्याला हद्दपारी मिळाली. हद्दपार झालेल्यांनी पुढे त्याला आपला एक म्होरक्या निवडलं.

[दृश्य: वेस्ट व्हर्जिनिया. मिठाच्या भट्ट्या, धूर. लाकडी शाळा.]

आणखी पासष्टेक वर्षांनी, मॉल्डन गाव. यादवी युद्ध संपलं आहे, गुलामगिरी कायद्याने गेली आहे. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा मिठाच्या भट्टीवर काम करून शाळेत येतो. त्याला सगळे बुकर म्हणतात. नुसतं बुकर.

हजेरी सुरू होते आणि पोराच्या पोटात गोळा येतो. सगळ्यांना दोन-दोन नावं आहेत. काहींना तर तीन, म्हणजे चैनच. आपल्याकडेही शाळेत नाव घालताना गुरुजींनी किती पोरांची जन्मतारीख १ जून करून टाकली. दाखल्यावर जे चढलं ते जन्मभर चिकटलं. बुकरच्या बाबतीत मास्तरांनी मनाने काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं.

त्याची पाळी यायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात त्याने ठरवलं. त्याच्या सावत्र बापाचं पहिलं नाव होतं वॉशिंग्टन. हा मुलगा पुढे टस्कीगीची शिक्षणसंस्था उभी करणारा बुकर टी. वॉशिंग्टन होणार होता. आईने आपलं दुसरं एक नाव टालियाफेरो ठेवलं होतं, हे त्याला नंतर कळलं आणि त्याने ते मधे घातलं. पण त्या सकाळी त्याच्याकडे एवढंच होतं.

मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं. बुकरने शांतपणे, जन्मापासून आपल्याला याच नावाने हाक मारत असल्यासारखं सांगितलं, "बुकर वॉशिंग्टन."

मास्तरांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या मुलाकडे वळले.