नव्या आवृत्तीत नवे काय, आणि ते कोणाला कळवले?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘सीसीपीएनएमआर ॲनालिसिस, आवृत्ती ३ : नव्या सुविधा’ असा छापला आहे (एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांच्या संकेतांवरून रेणू ओळखण्याची पद्धत, तिच्या आलेखांचे विश्लेषण करणारे हे सॉफ्टवेअर) आणि त्या सुविधांबद्दल मी बोलणारच आहे. परंतु समोरच्या बहुतेकांनी एफआयडीपासून (यंत्राने टिपलेला, विरत जाणारा कच्चा संकेत) स्पेक्ट्रमपर्यंतचा (त्यातून काढलेला वारंवारतेचा आलेख) प्रवास स्वतःच्या हाताने केलेला असल्यामुळे, त्याआधी माझ्या एका जुन्या हट्टाला थोडी जागा द्यावी, अशी विनंती करतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिने काय काय करता येते हे आपण उत्साहाने पाहतो; ती आपल्याला न विचारता काय करते, हे मात्र कोणी पाहत नाही. माझ्या मते पाहण्याचा क्रम उलटा हवा.

आपल्या शास्त्राचा सगळा भरवसा पिकाखालच्या, म्हणजे आलेखातल्या शिखराखालच्या, क्षेत्रफळावर उभा आहे. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलची तीन वेगळी पिके दाखवली तेव्हा त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक अशी होती, आणि म्हणूनच ती मिथिल, मिथिलीन व हायड्रॉक्सिलच्या प्रोटॉनांची आहेत हे पटले. (यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी एनएमआरचे काम सुरू केले, हे या सभागृहात सांगायची खरे तर गरज नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.) त्या काळी बेसलाइन, म्हणजे आलेखाची पायारेषा, सरळ करून देणारा कोणी नव्हता. कागदावर जे उमटे, ते सगळ्यांना दिसे.

आता माझी तक्रार ऐका. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने एका संयुगाची शुद्धता एनएमआरने मोजली होती. आंतरिक मानक (नमुन्यात मोजून मिसळलेला, तुलनेचा पदार्थ) म्हणून मॅलेइक आम्ल घेतले होते. त्याचे पीक एकेरी, अगदी टोकदार. संयुगाचे मोजायचे पीक मात्र पायथ्याशी पसरलेले. शुद्धता ९८ टक्के आली, शोधनिबंध पाठवला, परीक्षकाने आलेख पुन्हा काढून मागितला. दरम्यान प्रयोगशाळेतले सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर गेले होते. तीच एफआयडी, तीच मुलगी, तोच संगणक, आणि शुद्धता ९६ टक्के! मार्गदर्शकांनी आधी तिच्यावर संशय घेतला, मग नमुन्यावर, मग तराजूवर. सॉफ्टवेअरवर कोणीच घेतला नाही, कारण ते ‘सुधारलेले’ होते. बऱ्याच खटपटीनंतर उलगडा झाला. नव्या आवृत्तीत स्पेक्ट्रम उघडताक्षणी बेसलाइन आपोआप दुरुस्त होत होती, आणि ती दुरुस्ती अधिक वरच्या घाताच्या बहुपदीने केली जात होती. लवचीक बहुपदी पसरट पिकाच्या पायथ्यालाच बेसलाइन समजते आणि तो पायथा वजा करून टाकते. टोकदार पिकाला मात्र धक्काही लागत नाही. मानक जिथल्या तिथे, संयुग दोन टक्क्यांनी कमी! वाण्याने रात्रीतून तराजूचा काटा हलवावा आणि सकाळी गिऱ्हाइकाला ‘सेवा सुधारली आहे’ म्हणून सांगावे, तसा हा प्रकार. आवृत्तीसोबतच्या पत्रकात या बदलाला एकच ओळ होती : ‘बेसलाइन अधिक चांगली दिसते.’

मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. म्हणजे हे केवळ आमच्याकडेच झालेले नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ब्रुकर या कंपनीच्या स्पेक्ट्रोमीटरांतील डिजिटल फिल्टरमुळे एफआयडी शून्यापासून सुरू होत नाही. तिच्या तोंडाशी फिल्टरच्या विलंबाचे बिंदू असतात. नव्या स्पेक्ट्रोमीटरांच्या फाइलीत हा विलंब ‘जीआरपीडीएलवाय’ या नावाने लिहिलेला असतो आणि तो बहुधा ६७.९८ च्या आसपास असतो. ही दुरुस्ती केली नाही, तर स्पेक्ट्रमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेज (संकेताच्या लहरीचा कोन) जवळजवळ ६८ पूर्ण फेरे घेते. जुन्या फाइलीत ही संख्याच नसते. ती ‘डेसिम’ आणि ‘डीएसपीएफव्हीएस’ या दोन आकड्यांवरून कोष्टकात पाहावी लागते. हेल्मस आणि यारोनिएक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एनएमआरग्लू या मुक्त पायथन लायब्ररीत ते कोष्टक कोणालाही उघडून वाचता येते. बंद (मूळ कोड न दाखवणारे) सॉफ्टवेअरही तीच दुरुस्ती करते, पण ती दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या दुरुस्तीशी वाद घालता येत नाही.

म्हणूनच १९९५ च्या एनएमआरपाइप या प्रक्रिया-सॉफ्टवेअरवर माझे आजही प्रेम आहे. डेलाग्लिओ आणि सहकाऱ्यांनी सगळी प्रक्रिया एका युनिक्स स्क्रिप्टमध्ये ओळीखाली ओळ मांडली : खिडकी-फलन, शून्यभरण, फूरिये रूपांतर, फेज, काल्पनिक भाग काढून टाकणे. त्यात पहिल्या बिंदूचा गुणक लिहिण्याचीही जागा आहे : फेजचा पहिल्या घाताचा भाग शून्य असेल तर ०.५, अप्रत्यक्ष मितीत (बहुमितीय प्रयोगात टप्प्याटप्प्याने नोंदलेल्या मितीत) अर्ध्या ड्वेलचा (दोन बिंदूंमधल्या वेळेच्या निम्म्याचा) विलंब ठेवला असेल तर १. हा आकडा चुकला की त्या मितीची सगळी बेसलाइन वर किंवा खाली सरकते. पण चूक स्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे वीस वर्षांनंतरही ती सापडते. विद्यार्थ्यांना ते काळे टर्मिनल रुक्ष वाटते. वाटू द्या.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे; पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा जाहीर केलेला विषय आता वेगाने घेतो.

ब्रिटनच्या सीसीपीएन प्रकल्पाच्या ॲनालिसिसची आवृत्ती २ पायथन २ वर उभी होती, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. आवृत्ती ३ पायथन ३ आणि क्यूटी (खिडक्या-बटणे बनवण्याची लायब्ररी) वापरून नव्याने लिहिली गेली; तिच्यातील ॲनालिसिसअसाइन या भागावरचा शोधनिबंध २०१६ चा आहे. स्पेक्ट्रम माउसने ओढून खिडकीत टाकावा, की तो उघडतो. नेहमीच्या कामांना दोन अक्षरांचे शॉर्टकट आहेत. अवशेष (प्रथिनाच्या साखळीतले अमिनो आम्ल) कोणता हे कळण्याआधी त्याला तात्पुरते नाव देऊन साखळी जोडता येते, आणि क्रम सापडला की ती संपूर्ण साखळी प्रथिनाच्या क्रमावर बसवता येते. लिगंड (प्रथिनाला चिकटणारा रेणू) तपासणी आणि मेटाबोलोमिक्स (सजीवांतील लहान रेणूंचा अभ्यास) यांचे वेगळे भाग आहेत. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट अशी, की माउसने केलेल्या कामाची पायथन आज्ञा खालच्या कन्सोलमध्ये उमटते; ती उचलून मॅक्रो करता येतो, आणि सहकाऱ्याला पाठवताही येतो. मात्र एफआयडीवरची प्रक्रिया आधी अन्यत्र करून आणावी लागते, म्हणजे ती स्क्रिप्ट वेगळी जपायला हवी.

२०१५ मध्ये मांडल्या गेलेल्या एनईएफ या साध्या मजकुराच्या स्वरूपात शिफ्ट (अणूंच्या पिकांची स्थाने), पिके आणि बंधने (रचनेवरच्या अंतर-कोनांच्या मर्यादा) आत घेता येतात व बाहेर देता येतात. दोन प्रयोगशाळांची सॉफ्टवेअर वेगळी असली, तरी काम अडत नाही.

विरळ नमुनीकरण (सगळे बिंदू न मोजता काहीच मोजणे) आणि यंत्र-अध्ययन यांवर स्वतंत्र तास हवा होता. विरळ नमुनीकरणात पुनर्बांधणीची पद्धत आणि नमुन्यांची यादी सोबत ठेवा, कारण अशक्त पिकांची उंची त्या पद्धतीनुसार बदलू शकते. क्लुकोव्हस्की, रीक आणि ग्युंटर्ट यांची २०२२ ची आर्टिना ही यंत्र-अध्ययनाची प्रणाली स्पेक्ट्रमपासून थेट प्रथिनाच्या रचनेपर्यंत जाते. १०० प्रथिनांच्या १,३२९ स्पेक्ट्रांवर तिची ९१ टक्क्यांहून अधिक असाइनमेंट (कोणते पीक कोणत्या अणूचे हे ठरवणे) बरोबर आली. उरलेली जवळजवळ नऊ टक्के तुमच्या प्रथिनात कोणत्या अवशेषांवर पडली, हे पिकांच्या यादीत जाऊनच शोधावे लागेल.

शेवटची, अगदी व्यवहारातली सूचना : आवृत्ती २ चा प्रकल्प आवृत्ती ३ मध्ये उघडतो, पण तिथे जतन केलेला प्रकल्प आवृत्ती २ मध्ये परत उघडत नाही. उघडण्याआधी मूळ फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.