ब्रेक मारला की स्टेअरिंग थडथडतंय?

नमस्कार मंडळी. चिपळूणला माझं छोटंसं गॅरेज आहे, बावीस-तेवीस वर्षं झाली आता, आणि आज ज्या दुखण्यावर बोलणार आहे ते गणपतीत आणि मे महिन्यात आमच्याकडे अक्षरशः रांग लावून येतं. कराडकडनं गाडी निघते, पाटण झालं, कोयनानगर झालं, मग कुंभार्ली घाट उतरायचा, गाडीत पाच माणसं, डिकी गच्च, वर कॅरिअरला बोचकी बांधलेली, आणि खाली सपाटीला आल्यावर ऐंशीच्या स्पीडला ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात थडथड थडथड. पाय काढला की शांत. माणूस घाबरतो, बायको मागनं ओरडते हळू चालवा म्हणून, आणि गॅरेजमध्ये आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, डिस्क बेंड झालीय, बदलून टाका."

अहो थांबा जरा. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चांगली जाड थाळी आहे, पापड नाही लगेच वाकायला. बेंड हा शब्द आम्ही मेकॅनिक लोकांनीच पसरवलाय, मीपण वापरतो, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. एका जागी जरा जाड, एका जागी जरा पातळ. आणि हे 'जरा' म्हणजे किती, तर ०.०२ मिलिमीटर फरक पडला तरी हाताला कळतं, डोक्यावरचा केससुद्धा त्याहून जाड असतो. ब्रेक मारला की डिस्कला दाबून धरते ती वडी म्हणजे पॅड, तो जाड भागावर आला की जास्त पकडतो, पातळ भागावर सैल पडतो, आणि ऐंशीच्या स्पीडला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण बारा वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला बारा वेळा पकड-सोड, पकड-सोड, आणि तेच टाय रॉडमधनं, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीतनं, वर तुमच्या हातात येतं. म्हणून बघा, गाडी हळू होत जाते तशी थडथडसुद्धा मंद होत जाते. चाकाशी बांधलेली आहे ना ती.

तर गाडी माझ्याकडे आली की मी जॅक लावत नाही आधी, प्रश्न विचारतो. ब्रेक न मारता ऐंशी-शंभरला थरथरते का? हो म्हणालात तर तो ब्रेकचा विषयच नाही, व्हील बॅलन्सिंग करा, टायरला फुगा आलाय का बघा. ब्रेक मारल्यावरच होतंय, मग कुठे जाणवतं, स्टेअरिंगला की सीटला? स्टेअरिंगला म्हणजे पुढचे ब्रेक. स्टेअरिंग शांत आणि सीटखाली, पेडलखाली धडधड, तर मागे बघायचं, आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम असतो, आतनं ब्रेक दाबणारं गोल डबडं, आणि ड्रम आतनं पूर्ण गोल राहिलेला नसतो. मागे ड्रमवाली गाडी असेल तर एक करून बघता येतं, पण मोकळा सरळ रस्ता हवा, मागेपुढे कोणी नको, स्पीड चाळिसाच्या आत, हँडब्रेकचं बटण दाबून धरायचं आणि हळूच ओढायचा. तीच धडधड आली तर चोर मागच्या ड्रममध्ये आहे. आणि एकदम करकचून ब्रेक मारला, समोर म्हैस आली वगैरे, तेव्हा पेडल पायाखाली टकटकटक करून उलटं ढकलत असेल तर घाबरू नका, एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतंय, तो बिघाड नाही.

आता जाडी कमीजास्त होते कशी? घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरला गाडी सोडून सतत ब्रेकवर पाय, डिस्क तापून लाल व्हायची बाकी राहते, आणि खाली टपरी दिसली की थांबलो, चहा सांगितला, पाय तसाच ब्रेकवर दाबून धरलेला. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला एकाच जागी चिकटून बसतो, त्याचं मटेरियल तिथे छापलं जातं. झाला डाग. पुढच्या प्रत्येक फेऱ्याला पॅड त्या डागावर अडखळणार. आणि आमच्या कोकणात दुसरं कारण गंज. मुंबईहून आलेली गाडी पावसाळ्यात महिनाभर घरासमोर उभी राहिली की पॅडखाली जो भाग झाकलेला असतो तो वेगळा गंजतो, बाहेरचा वेगळा, चाक काढलं की पॅडचा आकार डिस्कवर स्टॅम्प मारल्यासारखा दिसतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर किती महिने असल्याच डिस्क हातात यायच्या, काही विचारू नका.

पण खरी गोष्ट सांगायचीय ती माझ्या चुकीची. एक मास्तर, रिटायर झालेले, त्यांच्या गाडीला मी दोन्ही डिस्क नव्या टाकल्या, पॅड नवे, गाडी लोण्यासारखी चालायला लागली. चार-पाच हजार किलोमीटरनंतर मास्तर परत. तीच थडथड. मी म्हटलं डिस्क डुप्लिकेट निघाली असणार, दुसऱ्या मेकची टाकली, परत मस्त, परत पाच हजाराला तेच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला आणि हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतात त्या भागावर, नीट बोट फिरवून बघितलं, तर ज्या तोंडावर डिस्क बसते तिथे गंजाची पापडी, एका बाजूला. डिस्क त्या पापडीवर किंचित तिरकी बसत होती. तिरकी बसली तरी सुरुवातीला काही कळत नाही, पण गाडी चालताना ब्रेक न मारताही ती दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते, हजारो किलोमीटर घासून घासून तिथे पातळ होते, आणि मग थडथड सुरू. म्हणजे रोग हबला आणि मी औषध डिस्कला देत होतो, तेही मास्तरांच्या पेन्शनमधनं. डायल गेज, म्हणजे बारीक डगमगणं मोजायचा काट्याचा मीटर, लावला असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं, डिस्कचं डगमगणं ०.१ मिलिमीटरच्या आत पाहिजे, कितीतरी गाड्यांना ०.०५. वायर ब्रशने हब घासून साफ केला, डिस्क टर्निंगला, म्हणजे लेथवर सारखी करून घ्यायला, दिली, कारण तिच्यावर लिहिलेल्या किमान जाडीपेक्षा ती अजून जाड होती, आणि ती गाडी नंतर कधी त्या कामाला आली नाही. दुसऱ्या डिस्कचे पैसे मी परत केले, तेवढी लाज होती.

नटांचं पण तसंच. पंक्चरवाला हवेच्या गनने एक नट ठोकून बसवतो, दुसरा अर्धवट, आणि डिस्क हब आणि चाक यांच्यामध्ये वाकडी दाबली जाते. स्टेपनी बदलल्यापासून थरथर सुरू झाली असेल तर आधी नट सैल करा आणि समोरासमोरचे घेत घेत हाताच्या पान्याने सारखे आवळा, किती ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. फुकटातलं काम.

पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन जाम असेल तर एकच चाक तापतं, जळका वास येतो, हात लावू नका, जवळ नेला तरी कळतं. आणि चाक धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश, टाय रॉडच्या टोकाचा सांधा सैल असले तर ते थरथर पैदा करत नाहीत सहसा, पण असलेली दुप्पट करून हातात देतात, त्यामुळे गाडी जुनी असेल तर तेही हलवून बघायला सांगा. थडथडीबरोबर पेडल स्पंजसारखं खाली जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर मात्र चालवत आणू नका, फोन करा.

नवे पॅड टाकून दिले की ते डिस्कवर नीट बसावेत म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, मोकळ्या रस्त्याला साठवरनं वीसपर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं थोडं चालवून थंड होऊ द्यायचं. आणि घाट उतरताना गिअर दुसरा.

आणि हो, माझ्याकडे येणार असाल तर गाडी धुऊन आणू नका, तापलेल्या डिस्कवर पाण्याचा फवारा मारणारे आहेतच, पण मला ते डागही बघायचे असतात. नमस्कार.